प्रागितिहासात सध्या नवं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात अश्मयुग दोन पानांत संपतं. त्यानंतर जे कळतं ते बातम्यांतून, तुटक तुटक: कुठे पाऊलखुणा, कुठे कवटी, कुठे डीएनए. या बातम्यांमागे संशोधक नेमकं काय शोधतायत, याबद्दल लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. ओळीनं वाचायलाच हवीत असं नाही. काळमापनाचे दोन प्रश्न मात्र आधी वाचलेत तर बाकीचे सोपे जातील.

प्रागितिहास नेमका कधी संपतो?

लेखन सुरू झालं की. त्यामुळे तो जगभर एकाच वेळी संपत नाही. मेसोपोटेमियात इ.स.पू. ३३०० ते ३२०० च्या सुमारास मातीच्या पाट्यांवर हिशेब लिहिले जाऊ लागले. महाराष्ट्रात आज वाचता येईल असा सर्वांत जुना मजकूर शोधायला गेलं तर आपण इ.स.पू. तिसऱ्या शतकात, अशोकाच्या सोपारा शिलालेखापाशी पोचतो. म्हणजे जोर्वे, दायमाबाद, इनामगाव ही उत्खननांतून कळलेली सगळी गावं त्याआधीची. हडप्पावाल्यांकडे लिपी होती, पण ती आपल्याला वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ‘आद्य-इतिहास’ असा मधला कप्पा केला आहे.

दगडी अवजारांचा आजवरचा सर्वांत जुना पुरावा केनियातल्या लोमेक्वी इथला, सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीचा. लेखन जेमतेम ५ हजार वर्षांचं. मधला सगळा काळ कुणीही काहीही लिहून ठेवलेलं नाही.

सध्या संशोधकांचं लक्ष कशाकडे आहे?

ढोबळमानाने पाच गोष्टींकडे: आपल्यासारखी माणसं आणि इतर मानवजाती यांचा संबंध काय होता, माणूस कुठून कुठे आणि केव्हा गेला, शेती कशी सुरू झाली, हवामान बदललं तेव्हा लोकांनी काय केलं, आणि खोदून काढलेल्या वारशावर, विशेषतः हाडांवर, हक्क कुणाचा.

पण विषयांपेक्षा मोठा बदल झाला आहे तो पुराव्यात. पूर्वी उत्खननात चांगली भांडी, मणी, हत्यारं, शाबूत सांगाडे जपले जात आणि बाकीचं ढिगाऱ्यावर जाई. आता त्या ‘बाकीच्या’तूनच शोध लागतायत. गुहेतली माती, बोटाच्या पेराएवढा हाडाचा तुकडा, दातावरचं कीटण, मडक्याच्या आत मुरलेली चरबी. गेल्या पंधरा वर्षांतले माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे निष्कर्ष असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींतून आले आहेत.

‘जगातलं सर्वांत जुनं’ अशी बातमी आली की विश्वास ठेवायचा का?

आधी एकच प्रश्न विचारायचा: वय कशाचं काढलं? वस्तूचं, की ती ज्या थरात सापडली त्या थराचं, की त्याच थरातल्या दुसऱ्याच कशाचं?

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं व्हाइट सँड्सचं उदाहरण घ्या. एका आटलेल्या तळ्याकाठी माणसांच्या पाऊलखुणा आहेत, त्यातल्या बऱ्याचशा पोरासोरांच्या. २०२१ मध्ये त्यांचं वय २३ ते २१ हजार वर्षं असल्याचं प्रसिद्ध झालं आणि एकच गदारोळ झाला, कारण विसाव्या शतकात बराच काळ धरून चालले होते की अमेरिकेतले पहिले लोक म्हणजे सुमारे १३ हजार वर्षांपूर्वीचे क्लोव्हिस भालेवाले. चिलीतल्या माँते व्हेर्देनं हा समज आधीच हलवला होता, पण तिथला आकडा साडेचौदा हजारांच्या आसपासचा. इथे तर थेट हिमयुगाच्या ऐन कडाक्याचा काळ निघाला.

पाऊलखुणेचं वय थेट काढता येत नाही. मग काढलं कशाचं? पाऊलखुणांच्या वरच्या आणि खालच्या थरांत अडकलेल्या एका पाणवनस्पतीच्या बियांचं. टीकाकारांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. पाण्यात वाढणारी वनस्पती कार्बन पाण्यातून घेते, आणि पाण्यात चुनखडीतून उतरलेला पुराणा कार्बन असेल तर बी आहे त्यापेक्षा हजारो वर्षं म्हातारं दिसतं. आक्षेप रास्त होता. त्याच गटानं मग त्याच थरांतले जमिनीवरच्या सूचिपर्णी झाडांचे परागकण हजारोंनी वेगळे करून तपासले. झाडं कार्बन हवेतून घेतात, त्यामुळे तो दोष तिथे लागू होत नाही. शिवाय वाळूच्या कणांचं वय वेगळ्या पद्धतीनं काढलं. २०२३ मध्ये दोन्ही उत्तरं आधीच्या आकड्याशी जुळली. सगळ्यांचं अजूनही समाधान झालेलं नाही, पण वादाचं पारडं आता पाऊलखुणांच्या बाजूला झुकलं आहे.

‘सर्वांत जुनं’ हा मथळा त्यातला सर्वांत कमी रंजक भाग. आज ना उद्या तो विक्रम मोडणारच. आक्षेप कुठला आला आणि त्याला उत्तर कसं दिलं, ते वाचायला जास्त मजा येते.

कार्बन डेटिंगनं सगळ्याचं वय कळतं ना?

नाही. हा गैरसमज फार घट्ट बसलेला आहे. कार्बन-१४ लागतो तो कधी काळी जिवंत असलेल्या गोष्टीला: कोळसा, हाड, बी, शिंपला. दगडी हातकुऱ्हाडीला तो लागू पडत नाही. आणि सुमारे ५० हजार वर्षांपलीकडे नमुन्यात मोजण्याइतका कार्बन-१४ उरतच नाही.

त्यापलीकडे वेगळे मार्ग. क्वार्ट्झ, फेल्डस्पार अशा खनिजांच्या कणावर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे प्रयोगशाळेत मोजता येतं, त्यावरून थर कधी गाडला गेला ते कळतं. चेन्नईजवळच्या अत्तिरंपाक्कममध्ये शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांच्या गटानं मध्य पुराश्मयुगीन, म्हणजे हातकुऱ्हाडींनंतरच्या टप्प्यातल्या, अवजारांचं वय असंच काढलं: सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षं. २०१८ मध्ये हा आकडा आला तेव्हा ‘हे तंत्र आफ्रिकेतून सव्वा लाख वर्षांपूर्वी इथे आलं’ अशी साधी सोपी मांडणी करणाऱ्यांची पंचाईत झाली. तिथलीच त्याहून जुनी हातकुऱ्हाडीची परंपरा १५ लाख वर्षांच्या आसपासची आहे.

चुनखडीच्या गुहेत चित्रावर क्षारांचा पापुद्रा चढला असेल तर त्यातल्या युरेनियमवरून पापुद्र्याचं वय मिळतं. चित्र त्याहून जुनं असणार. इंडोनेशियात सुलावेसी बेटावरच्या लिआंग कारांपुआंग गुहेतलं, माणसासारख्या आकृती आणि डुक्कर असलेलं चित्र या मार्गानं किमान ५१,२०० वर्षांपूर्वीचं ठरलं (२०२४).

मग कोकणातल्या कातळशिल्पांचं वय का सांगत नाहीत?

कारण वर सांगितलेल्यापैकी एकही गोष्ट तिथे नाही. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, उघड्यावर कोरलेली आकृती. रंग नाही, वर पापुद्रा नाही, खाली-वर थर नाहीत. कोरताना तर दगड काढूनच टाकलेला. त्यामुळे वय ठरवायचं ते आडून: चित्रांत कुठले प्राणी आहेत (एकशिंगी गेंडा आज कोकणात नाही), कुठली हत्यारं नाहीत, आजूबाजूला कुठल्या काळातली दगडी अवजारं सापडतात. यावरून मध्याश्मयुगापर्यंत, म्हणजे शेतीआधीच्या शिकारी काळापर्यंत, मागे जाण्याचे अंदाज केले जातात. पण ते अंदाजच आहेत, आणि कुणी छातीठोकपणे एकच आकडा सांगत असेल तर त्याला पुरावा विचारा.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी रत्नागिरी-राजापूरचे सडे पायाखाली घालून गावकऱ्यांच्या मदतीनं ही शिल्पं उजेडात आणली. काशेलीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, आणि त्याच्या अंगात इतर प्राण्यांच्या आकृत्या भरलेल्या आहेत. सड्यावर उभं राहून तो एका नजरेत मावत नाही; पूर्ण पाहायला ड्रोन लागतो. कोरणाऱ्यांकडे ड्रोन नव्हता, म्हणजे प्रमाण साधायची त्यांची काहीतरी रीत असणार. ती कोणती, हा मला वयापेक्षाही चांगला प्रश्न वाटतो. कोकणातली काही स्थळं आणि गोव्यातलं कुशावती नदीकाठचं पणसायमोळ मिळून २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत.

ही परग्रहवासीयांची कामं असू शकतात का?

नाही.

प्राचीन डीएनएनं नेमकं काय बदललं?

२०१० पर्यंत निअँडरथल म्हणजे आपल्या आधी संपून गेलेला दणकट चुलतभाऊ एवढंच चित्र होतं. त्या वर्षी स्वांते पेबो यांच्या गटानं त्याचा जीनोम, म्हणजे डीएनएचा सगळा आराखडा, वाचला आणि आफ्रिकेबाहेरच्या बहुतेक सगळ्या माणसांमध्ये त्याचा १ ते ४ टक्के वाटा असल्याचं दिसलं. तो तुमच्या-आमच्यातही आहे. त्याच वर्षी सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेतल्या बोटाच्या एका हाडावरून एक अख्खी नवी मानवजात ओळखली गेली. पेबोंना २०२२ चं नोबेल मिळालं.

यातला माझा आवडता तुकडा त्याच गुहेतला. लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. हाडांच्या हजारो बिनओळखीच्या तुकड्यांत पडलेला. प्राण्याचा की माणसाचा हेही डोळ्यांना कळत नव्हतं. त्यातल्या कोलॅजेन प्रथिनाच्या तपासणीत तो माणसाचा निघाला, मग डीएनए काढला. एका किशोरवयीन मुलीचं हाड, सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीचं. तिची आई निअँडरथल, वडील डेनिसोवन. ‘दोन जातींचा कधीतरी संकर झाला असावा’ असं सांगणारा पुरावा वेगळा आणि प्रत्यक्ष त्या संकराची लेकच हाती लागणं वेगळं.

त्यापुढची पायरी म्हणजे हाडांचीही गरज न उरणं. २०१७ पासून गुहेतल्या नुसत्या मातीतून मानवी डीएनए काढता येऊ लागला आहे.

भारतात असा डीएनए का मिळत नाही? आणि राखीगढीचं नेमकं काय झालं?

डीएनए थंडीत टिकतो. उष्णता आणि दमटपणा त्याचा नाश करतात. राखीगढी या हरियाणातल्या हडप्पाकालीन स्थळी वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखालच्या उत्खननातले ६१ नमुने तपासले, त्यातल्या एकाच स्त्रीच्या नमुन्यानं वाचता येण्याजोगा डीएनए दिला. तोही अपुरा, अनेक प्रयत्नांनंतर जमवलेला.

२०१९ चा निष्कर्ष असा: तिच्यात दोन मुख्य धारा. एक प्राचीन इराणी लोकांशी नातं सांगणारी, पण तिथे शेती सुरू होण्याआधीच वेगळी झालेली. दुसरी दक्षिण आशियातल्या मूळच्या शिकारी-संग्राहकांची. गवताळ स्टेप प्रदेशातल्या पशुपालकांची धारा तिच्यात नाही. त्याच सुमारास ५२३ प्राचीन व्यक्तींचा डीएनए असलेला दुसरा शोधनिबंध आला, त्यानुसार ती धारा दक्षिण आशियात इ.स.पू. २००० नंतर आली.

दोन्ही निबंधांवर काही लेखक समान होते, निष्कर्ष एकमेकांना पूरक होते. आपल्याकडे मात्र आर्य बाहेरून आले की इथलेच, यावर एकाच दिवशी दोन परस्परविरोधी मथळे छापून आले. एका बाईच्या डीएनएवरून ती कोणती भाषा बोलत होती हे कळत नाही, ती कुठल्या देवाला भजत होती हेही नाही. ‘आर्य’ हा मुळात भाषेचा आणि संस्कृतीचा वाद. जीन्स त्यात एक साक्षीदार आहेत, न्यायाधीश नाहीत. आणि एका सांगाड्यावर सगळ्या हडप्पा संस्कृतीचा निवाडा कुठल्याच बाजूनं करू नये.

डीएनए टिकला नसेल तर वाट संपली का?

प्रथिनं जास्त चिवट असतात, दाताच्या लुकणात (वरच्या कठीण थरात) तर लाखो वर्षं टिकतात. तिबेटच्या पठारावरच्या बैशिया गुहेतला १ लाख ६० हजार वर्षांपूर्वीचा जबडा डेनिसोवन आहे हे प्रथिनांवरूनच कळलं. चीनमधली हार्बिनची प्रसिद्ध कवटीसुद्धा २०२५ मध्ये प्रथिनं आणि दातावरच्या कीटणातला डीएनए यांच्या आधारे डेनिसोवन ठरली. दाताच्या लुकणातल्या एका प्रथिनावरून सांगाडा बाईचा की पुरुषाचा तेही सांगता येतं. स्पेनमध्ये सेव्हिलजवळ, व्हालेन्सिनात हस्तिदंतासकट मोठ्या थाटात पुरलेला ताम्रयुगातला ‘सरदार’ २०२३ मध्ये या तपासणीत बाई निघाला. उष्ण प्रदेशांची, म्हणजे आपलीही, आशा आता या शाखेवर आहे.

शेतीचा शोध कुणी लावला? बायकांनी ना?

‘शोध लावला’ ही कल्पनाच आता मागे पडली आहे. कुणीतरी एके दिवशी बी पेरलं आणि क्रांती झाली, असं घडलं नाही. त्यामुळे एकट्या बाईला किंवा पुरुषाला श्रेय देता येत नाही, जरी रानातली बी-कंदमुळं गोळा करणाऱ्यांत बायकांचा वाटा मोठा असणार हे मानायला हरकत नाही.

इस्रायलमधल्या गॅलिलीच्या तळ्याकाठी, ओहालो इथे २३ हजार वर्षांपूर्वीचे लोक रानटी सातू आणि गहू गोळा करून दगडावर दळत होते. जॉर्डनमधल्या शुबायका इथल्या चुलीत १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीसदृश पदार्थाचे जळके तुकडे मिळाले, म्हणजे शेतीच्या जवळजवळ चार हजार वर्षं आधी. पीठ आधी, पेरणी नंतर.

पिकाचं माणसाळणं ओळखायची खूण कुठल्याही शेतकऱ्याला पटेल अशी आहे. रानटी गवताचं कणीस पिकलं की दाणे गळून विखुरतात. झाडाच्या दृष्टीनं ते बरोबरच. पण ज्या रोपांचे दाणे कणसातच राहतात तेच कापणीत आपल्या हाती लागतात, घरी येतात आणि पुढच्या वर्षी पेरले जातात. अशी शेकडो पिढ्यांची नकळत झालेली निवड. जळक्या दाण्यांच्या देठाकडची जखम सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर दाणा आपोआप गळलेला की मळणीत तुटलेला ते कळतं. डोरियन फुलर आणि इतरांनी ठिकठिकाणच्या थरांतून असे देठ मोजले, तेव्हा न गळणाऱ्यांचं प्रमाण वाढायला दोन-तीन हजार वर्षं लागल्याचं दिसलं. त्याला क्रांती कसं म्हणायचं!

आणि हे एकाच जागी झालं नाही. गहू-सातू पश्चिम आशियात, भात यांगत्से खोऱ्यात, मका मेक्सिकोत, ज्वारी आफ्रिकेत. पापुआ न्यू गिनीतल्या कूक दलदलीत सुमारे ७ हजार वर्षांपूर्वी लोक मातीचे उंचवटे करून केळी आणि अळूचे कंद लावत होते. धान्यावाचून शेती म्हणजे शेतीच नव्हे असं मानणाऱ्या युरोपीय अभ्यासकांना हे पचायला वेळ लागला. कोकणी वाचकाला लागू नये.

ग्योबेक्ली टेपे हे जगातलं पहिलं मंदिर आहे का?

तुर्कस्तानातल्या या टेकाडावर क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून खोदकाम केलं. इ.स.पू. ९५०० च्या सुमारासचे, साडेपाच मीटरपर्यंत उंच टी-आकाराचे खांब. त्यांवर कोल्हे, साप, विंचू, गिधाडं. शेती नाही, मातीची भांडी नाहीत. श्मिट यांची मांडणी अशी की इथे कुणी राहत नव्हतं, दूरदूरचे शिकारी उत्सवाला जमत. आधी देऊळ, मग शेती.

मांडणी देखणी होती, पण नंतरच्या खोदकामात घरं निघाली, पावसाचं पाणी साठवायची सोय निघाली, आणि धान्य दळायची-कांडायची सात हजारांहून अधिक दगडी साधनं मोजली गेली. लोक तिथे राहत होते, भरपूर दळत होते. शिवाय आसपास काराहान टेपेसारखी आणखी स्थळं सापडली आहेत, म्हणजे ते एकटं-दुकटं तीर्थक्षेत्रही नव्हतं. ‘मंदिर’ म्हणण्यापेक्षा वस्ती आणि तिच्यातल्या मोठ्या सामाईक इमारती असं म्हणणं आज जास्त बरोबर आहे.

लोक खात काय होते, हे खरंच कळतं?

आश्चर्य वाटेल इतकं कळतं. दातांवरचं कीटण आपण काढून घेतो, पूर्वीचे लोक ते जन्मभर वागवत. त्यात पिष्टाचे कण, प्रथिनं, तोंडातले जिवाणू अडकून राहतात. इस्रायलमधल्या मेगिद्दो इथल्या इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या दातांत हळद आणि सोयाबीनच्या खुणा मिळाल्या. हळद ही दक्षिण आशियाची, म्हणजे तेव्हाच ती तिथवर जात होती. हडप्पाकालीन मडक्यांत मुरलेल्या चरबीचं विश्लेषण २०२० च्या सुमारास आलं. त्यात गाय-म्हैस, शेळी-मेंढी, डुक्कर यांचं मांस शिजल्याच्या खुणा होत्या, आणि गुजरातेतल्या कोटडा भडलीच्या भांड्यांत दुधाच्या. यावर समाजमाध्यमांत जे रण पेटलं त्यात मडक्याचा दोष काही नव्हता.

त्या काळी दुबळ्या माणसाला मरायला सोडून देत असत का?

बोर्निओतल्या लिआंग टेबो गुहेतला ३१ हजार वर्षांपूर्वीचा एका तरुण व्यक्तीचा सांगाडा पाहा. डाव्या पायाचा खालचा भाग नाही. हाडाचं टोक चेंगरलेलं किंवा प्राण्यानं चावलेलं नाही. ते स्वच्छ कापलेलं आहे आणि नंतर भरून आलेलं आहे. हाडाच्या वाढीवरून दिसतं की पाय बालवयात कापला, आणि मूल त्यानंतर सहा ते नऊ वर्षं जगलं. रक्तस्राव थांबवणं, जखम चिघळू न देणं, मग डोंगराळ मुलखात भटकणाऱ्या टोळीनं एका पायाच्या पोराला वर्षानुवर्षं सांभाळणं: हे सगळं त्यात आलं. हा शोध २०२२ मध्ये प्रसिद्ध होईपर्यंत पाय कापण्याच्या शस्त्रक्रियेचा सर्वांत जुना पुरावा ७ हजार वर्षांपूर्वीचा मानला जाई.

उलट बाजूही आहे. केनियात नातारुक इथे सुमारे १० हजार वर्षांपूर्वी किमान २७ जण मारले गेले, त्यात बायका-मुलंही होती. आदिमानव स्वभावानं क्रूर की दयाळू, या प्रश्नाला एक उत्तर नाही.

हवामान बदलल्यामुळे संस्कृती कोसळल्या, हे खरं आहे?

कधीकधी. पण हे उत्तर फार सोयीचं आहे, म्हणून त्याची उलटतपासणी करावी लागते. आपल्या घरचंच उदाहरण देतो.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथली पांढर, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचं टेकाड, डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात खणली. ह. धी. सांकलिया, झै. दा. अन्सारी, म. के. ढवळीकर. इ.स.पू. १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षं नांदलेलं शेतकऱ्यांचं गाव. आधीच्या जोर्वे काळात (जोर्वे या स्थळावरून पडलेलं नाव) ऐसपैस चौकोनी घरं, सातू-गहू, पाणी अडवायचा बांध. उत्तर जोर्वे काळात, म्हणजे इ.स.पू. १००० नंतर, लहान गोल झोपड्या आणि शिकारीवर, जनावरांवर वाढता भर. लहान मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत, घराच्या जमिनीखालीच पुरलेली. याच मुलांच्या हाडांचा पुढे अभ्यास झाला तेव्हा उत्तर काळात वाढ खुंटल्याच्या खुणा जास्त दिसल्या. म्हणजे हलाखी आली हे नक्की. ढवळीकरांनी तिचा संबंध पाऊसमान घटण्याशी जोडला.

आता लोणार. तळ्याच्या गाळाचा गाभा, म्हणजे थरांचा उभा नमुना, काढून हजारो वर्षांच्या पावसाचा हिशेब मांडला गेला आहे. २०१४ च्या त्या अभ्यासात दोन दीर्घ अवर्षणं दिसतात: एक सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचं, दुसरं २००० ते ६०० वर्षांपूर्वीचं. इनामगावची पडझड बरोबर या दोन्हींच्या मधल्या काळात येते! लोणार दूर आहे, घोड खोरं पर्जन्यछायेत आहे, गाळाच्या नोंदीत आठ-दहा वर्षांचा दुष्काळ दिसेलच असं नाही. हे सगळं मान्य. पण ‘पाऊस गेला, गाव उठलं’ एवढ्यावर आता भागत नाही. जमिनीचा कस, वाढलेली तोंडं, तुटलेलं झाडझाडोरं, उत्तरेकडची तुटलेली देवाणघेवाण, हे सगळं सोबत मांडावं लागतं. जगभर सध्या हवामानाच्या प्रश्नावर असंच काम चालू आहे: लोकांनी पिकं बदलली का, गुरं वाढवली का, गाव हलवलं का, आणि कुणाच्या वाट्याला उपास जास्त आले.

बोरीच्या राखेचं काय?

जुन्नर भागात कुकडी नदीकाठी बोरी इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ही राख इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची. पण कोणत्या उद्रेकाची? सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महाउद्रेकाची, की त्याहून कितीतरी आधीच्या? यावर अनेक दशकं वाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे, कारण तिथल्या दगडी अवजारांचं वय त्यावर ठरतं. टोबामुळे मानवजात नामशेष व्हायची वेळ आली होती, असं एकेकाळी म्हटलं जाई. आंध्रातल्या ज्वालापुरमला राखेच्या खाली आणि वर सारखीच अवजारं मिळाली, आणि मध्य प्रदेशात सोन खोऱ्यातल्या धाबा इथेही ८० हजार वर्षांपूर्वीपासून अवजारांची परंपरा अखंड चालू दिसते. इथले लोक तगले.

माकडंही दगडी अवजारं करतात म्हणे?

ब्राझीलमधली कॅप्युचिन माकडं दगडावर दगड आपटतात आणि फुटलेल्या दगडाची भुकटी चाटतात. त्यात धारदार छिलके पडतात, अगदी आदिमानवानं काढल्यासारखे. माकडं त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. थायलंडमधली माकडं तेलताडाच्या बिया फोडताना असेच छिलके पाडतात. त्यामुळे नुसता धारदार छिलका हाती आला की ‘माणूस होता’ असं म्हणायची सोय गेली.

अ‍ॅमेझॉनच्या जंगलात शहरं सापडली, ती कशी?

विमानातून लेझरचे झोत सोडतात; काही झोत पानांच्या फटींतून जमिनीवर पोचून परत येतात, आणि झाडं वजा करून नुसत्या जमिनीचा नकाशा मिळतो. इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात अशा नकाशावर सहा हजारांहून अधिक मातीचे चौथरे, सरळ रुंद रस्ते आणि शेतीच्या चरांचं जाळं दिसलं, साधारण इ.स.पू. ५०० पासूनचं. ‘माणसाचा पाय न लागलेलं अरण्य’ ही कल्पना त्यानं निकालात निघाली.

सांगाडे कुणाचे? संग्रहालयाचे की वंशजांचे?

ऑस्ट्रेलियातल्या मुंगो तळ्याकाठी १९७४ मध्ये सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे अवशेष मिळाले आणि कॅनबेराला नेले गेले. २०१७ मध्ये ते तिथल्या मूळनिवासींकडे परत आले, २०२२ मध्ये पुन्हा पुरले गेले. काही संशोधक आणि काही मूळनिवासी गटही यावर नाराज होते. माझं मत विचाराल तर ज्यांच्या जमिनीतून काढलं त्यांना न विचारता पेटीत ठेवणं चूकच होतं, विज्ञानाचं थोडं नुकसान झालं तरी.

हा प्रश्न परका नाही. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयात नागा पूर्वजांचे दोनशेहून अधिक अवशेष आहेत. ते परत आणण्यासाठी नागा समाज प्रयत्न करतो आहे. २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका लिलावात नागा कवटी विक्रीला काढली होती, ती आरडाओरड झाल्यावर मागे घेतली गेली.

हा विषय शिकायचा किंवा नुसता पाहायचा तर कुठे?

पुण्यात डेक्कन कॉलेज: पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे आणि पुरातत्त्वाचं संग्रहालयही. इनामगावची खापरं आणि दफनं तिथे पाहता येतात. इतिहासाचीच पदवी हवी असं नाही; भूशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, संगणक यांतून आलेल्या मुलांना आज जास्त मागणी आहे.

शेतात हातकुऱ्हाडीसारखा दगड किंवा जुनी खापरं सापडली तर काय करू?

उचलू नका. जागेवरच फोटो काढा, बाजूला मोजपट्टी किंवा पेन ठेवून. मग थोडं मागे जाऊन आजूबाजूच्या जमिनीचा एक फोटो घ्या. मोबाईलवर ठिकाण नोंदवा. नदीचा काठ आहे, विहिरीचा खड्डा आहे की नांगरट झालेली जमीन, किती खोलीवर मिळालं, माती काळी की पांढरी, हे लिहून ठेवा. धुऊन, घासून, तेल लावून चमकवू नका. त्यात पुरावाच जातो. मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठाच्या विभागाला कळवा. पुरावस्तू परवान्याशिवाय विकणं आणि देशाबाहेर नेणं दोन्ही बेकायदा आहे.

आणि गावाजवळ पांढरीचं टेकाड असेल तर ते ट्रॅक्टरनं उपसून खत म्हणून शेतात टाकण्याआधी एक फोन करा. ट्रॉलीत भरलेल्या मातीला थर नसतात.